इंग्लिशमध्ये स्कोअर बोलून कसा सांगायचा: क्रिकेटपासून बॅडमिंटनपर्यंत, नवीन लोकांसाठी

स्क्रीनवर २४५/६ दिसलं की सगळ्यांना कळतं काय चाललंय, पण तेच कुणी इंग्लिशमध्ये सांग म्हटलं की चांगलं इंग्लिश येणारे लोकही अडखळतात. मधल्या तिरक्या रेघेला काय म्हणायचं, शून्याला झिरो म्हणायचं की निल, कुणाचा आकडा आधी घ्यायचा, हे सगळे प्रश्न एकदम येतात आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. मी गेली काही वर्षं स्पर्धांमध्ये माईकवर स्कोअर सांगायचं काम करतेय, त्यामुळे कुठे गोंधळ होतो ते रोज बघते, आणि हे शाळेत कुणी शिकवत नाही, ग्रामरच्या पुस्तकातही सापडत नाही. म्हणून जे नव्याने अंपायरिंग, कॉमेंट्री, अनाऊन्समेंट सुरू करतायत किंवा ज्यांना परदेशातल्या सहकाऱ्यांशी कालच्या मॅचबद्दल नीट बोलायचंय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितेय.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्कोअर सांगणं म्हणजे आकडे वाचणं नाही. तोंड उघडायच्या आधी तीन गोष्टी ठरवायच्या: कुणाचा आकडा आधी, मधे कुठला शब्द, आणि या खेळात शून्याला काय म्हणतात. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची, ती चुकली तर ऐकणाऱ्याला निकालच उलटा कळतो.

काय काय जवळ ठेवायचं

- कुठल्याही जुन्या मॅचचं पूर्ण स्कोअरकार्ड, शक्यतो तुम्ही बघितलेल्या मॅचचं
- फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर
- इंग्लिश कॉमेंट्री असलेले हायलाईट्स, आणि त्यातही टीव्हीपेक्षा रेडिओ कॉमेंट्री मिळाली तर फार चांगलं कारण रेडिओवाल्याला चित्र दाखवता येत नाही, स्कोअर सारखा बोलावाच लागतो
- अंपायरिंग करणार असाल तर त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं नियमपुस्तक. बॅडमिंटनच्या नियमांसोबत तर अंपायरने काय बोलायचं त्याची शब्दांची यादीच दिलेली असते

१. आधी नुसते आकडे पक्के करा

हसू नका, ही पायरी सगळ्यात जास्त लोक सोडतात.

थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी, यात माईकवर किंवा फोनवर प्रचंड घोळ होतो. थर्टीन म्हणताना जोर शेवटच्या 'टीन'वर द्यायचा आणि तो लांबवायचा, थर्टी म्हणताना जोर 'थर'वर आणि 'टी' छोटा. आवाज खूप असेल तर "फिफ्टीन, वन-फाईव्ह" असं दोनदा सांगून टाका, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं, आपण मराठीत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी आणि चाळीस नंतर म्हणतो, इंग्लिशमध्ये उलटं. डोक्यात मराठी आकडा चालू असेल तर घाईत ४५ चं "फिफ्टी-फोर" होऊन बाहेर येतं. यावर एकच उपाय मला माहितीय, आकडा मराठीत मनात म्हणायचाच नाही, बोर्डवरचे अंक बघून थेट इंग्लिशमध्ये बोलायचं. सरावाने जमतं.

तिसरं, फोन नंबर सांगताना आपण डबल सेव्हन म्हणतो ते स्कोअरला चालत नाही. ७७ म्हणजे "सेव्हेंटी-सेव्हन", बस.

शंभरच्या वरचे आकडे खेळात तोडून बोलतात. २४५ ला कागदावर "टू हंड्रेड अँड फॉर्टी-फाईव्ह" बरोबर आहे, पण मैदानावर सगळे "टू फॉर्टी-फाईव्ह" म्हणतात. १०३ ला "वन-ओ-थ्री" किंवा "अ हंड्रेड अँड थ्री", दोन्ही चालतं. २०० मात्र "टू हंड्रेड"च.

आणि पॉइंटनंतरचे अंक सुटेसुटे. डॉन ब्रॅडमनची टेस्ट ॲव्हरेज ९९.९४, ती "नाईंटी-नाईन पॉइंट नाईन फोर". "पॉइंट नाईंटी-फोर" नाही. नीरज चोप्राने टोकियोत भालाफेकीचं गोल्ड घेतलं तो थ्रो ८७.५८ मीटर, म्हणजे "एटी-सेव्हन पॉइंट फाईव्ह एट मीटर्स".

२. शून्याला कुठे काय म्हणायचं

झिरो म्हटलं तरी लोकांना कळतं, पण कानाला खटकतं. साधारण असं धरा:

- फुटबॉल, हॉकी, रग्बी: "निल"
- टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस: "लव्ह"
- क्रिकेटमध्ये बॅट्समन शून्यावर गेला: "आऊट फॉर अ डक", पहिल्याच बॉलवर गेला तर "गोल्डन डक"
- क्रिकेटमध्ये एकही विकेट पडली नसेल: "फिफ्टी फॉर नो लॉस", बाहेर बरेच जण "फिफ्टी विदाऊट लॉस" किंवा "फिफ्टी फॉर नन" म्हणतात
- अमेरिकन खेळ, म्हणजे बेसबॉल वगैरे: "नथिंग", उदाहरणार्थ "थ्री-नथिंग"

यात एक सापळा आहे. टेनिसमध्ये गेममधलं शून्य "लव्ह", पण टाय-ब्रेक (सेट ६-६ झाला की खेळतात तो शेवटचा गेम) सुरू झाला की पॉइंट साधे एक दोन तीन मोजतात आणि तिथलं शून्य "झिरो" होतं. म्हणजे टाय-ब्रेकमध्ये पहिला पॉइंट झाला की चेअर अंपायर "वन-झिरो" आणि खेळाडूचं नाव म्हणतो, "वन-लव्ह" नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

३. कुणाचा आकडा आधी

आता मुख्य मुद्दा. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल अशा खेळात इंग्लिश बोलणारा माणूस मोठा आकडा आधी घेतो, मग तो जिंकलेल्याबद्दल बोलत असो की हरलेल्याबद्दल. आपल्याला वाटतं टीम हरलीय म्हणजे तिचा आकडा आधी, मग "दे लॉस्ट वन-टू" असं तोंडातून जातं. बरोबर वाक्य "दे लॉस्ट टू-वन". कोण हरलं ते "लॉस्ट" या शब्दाने सांगितलंच, आकड्यांना परत सांगायची गरज नाही.

चालू मॅचमध्येही तेच. पुढे असलेली टीम "टू-निल अप", मागे असलेली "टू-निल डाऊन". "निल-टू डाऊन" कुणी म्हणत नाही.

कागदावर लिहिलेला स्कोअर बघून वाचत असाल तर अजून एक भानगड. फुटबॉलच्या फिक्स्चरमध्ये बहुतेक ठिकाणी घरच्या टीमचं नाव आधी लिहितात, अमेरिकेत मात्र बाहेरून आलेल्या टीमचं आधी. म्हणून लिहिलेल्या क्रमाने वाचत सुटू नका, आधी बघा जिंकतंय कोण.

अपवाद सर्व्हिसच्या खेळांचा. टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिसमध्ये चालू गेमचा स्कोअर सांगताना जो सर्व्ह करतोय त्याचा आकडा आधी, तो मागे असला तरी. त्यामुळे "लव्ह-फोर्टी" ऐकलं तर सर्व्ह करणारा अडचणीत आहे आणि "फोर्टी-लव्ह" ऐकलं तर आरामात आहे, नाव न सांगताही कळतं.

मॅच संपली की परत बदल. मग जिंकलेल्याच्या बाजूने सगळे सेट सांगायचे, त्याने हरलेला सेटसुद्धा. रिओ २०१६ ची बॅडमिंटन फायनल घ्या. सिंधूने पहिला गेम २१-१९ घेतला होता, मग कॅरोलिना मरिनने पुढचे दोन घेतले. सांगताना: "मरिन बीट सिंधू नाईन्टीन ट्वेंटी-वन, ट्वेंटी-वन ट्वेल्व्ह, ट्वेंटी-वन फिफ्टीन." पहिल्या जोडीत छोटा आकडा आधी आला, याचाच अर्थ मरिनने तो गेम घालवला. "लॉस्ट" घालून वाक्य केलं तर बरेच पेपर हरलेल्याच्या बाजूने आकडे देतात, त्यात नवीन माणूस गोंधळतो, म्हणून सुरुवातीला "बीट"चंच वाक्य वापरा.

आणि क्रियापदाचं आलंच आहे तर: "इंडिया वन ऑस्ट्रेलिया" (इथे "वन" म्हणजे won, जिंकले, एक नाही) हे वाक्य चुकीचं. मॅच "वन" करतात, टीमला "बीट" करतात. "इंडिया वन द मॅच", "इंडिया बीट ऑस्ट्रेलिया". "बीट"चा भूतकाळ पण "बीट"च, "बीटेड" असं काही नसतं. ब्रिटिश पद्धतीत टीमला अनेकवचन लावतात, "इंडिया आर लीडिंग", "इंग्लंड हॅव वन". अमेरिकन लोक टीमच्या गावाच्या नावाला एकवचन लावतात. एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

४. मधली रेघ कशी बोलायची

क्रिकेटच्या रेघेला "फॉर". बाकी बहुतेक ठिकाणी काहीच नाही, दोन आकडे एकापाठोपाठ, मधे अगदी छोटा थांबा: "फाईव्ह-फोर". लांबलचक आकडे असतील तर "टू" घालतात, विशेषतः अमेरिकेत: "वन-ओ-टू टू नाईंटी-एट". हे "टू" हलकं बोलायचं, नाहीतर ऐकणाऱ्याला दोनचा आकडा वाटतो. बरोबरी असेल तर "ऑल": १-१ म्हणजे "वन-ऑल", २-२ म्हणजे "टू-ऑल".

तिरक्या रेघेला "बाय" किंवा "स्लॅश" आणि आडव्या रेघेला "डॅश" म्हणायची सवय असेल तर ती आजच सोडा.

५. क्रिकेट

इथे जरा जास्त वेळ थांबते कारण आपल्याला सगळ्यात जास्त हेच बोलावं लागतं.

टीमचा स्कोअर: आधी रन्स, मग "फॉर", मग विकेट्स. २४५/६ म्हणजे "टू फॉर्टी-फाईव्ह फॉर सिक्स". मराठीत आपण "सहा बाद दोनशे पंचेचाळीस" म्हणतो, विकेट आधी, त्यामुळे मराठीतून विचार केला की "सिक्स फॉर टू फॉर्टी-फाईव्ह" बाहेर पडतं. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात तेच बरोबर आहे, तिथे टीमच्या स्कोअरमध्ये विकेट आधी सांगतात. पण बाकी सगळीकडे रन्स आधी, म्हणून ऑस्ट्रेलियन श्रोते नसतील तर रन्स आधीच ठेवा. ऐकताना गोंधळ झाला तर लक्षात ठेवा, विकेट्स दहाच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणजे मोठा आकडा रन्सचाच. अवघड वेळ फक्त डावाच्या सुरुवातीला येते, दोन्ही आकडे दहाच्या आत असताना. तेव्हा सरळ विचारा, "हाऊ मेनी विकेट्स डाऊन?"

"फॉर" हलका आणि छोटा बोला, जवळपास "फ" एवढाच. नाहीतर ४४/४ म्हणताना "फोर्टी-फोर फॉर फोर" मधे कुठला फोर कुठला फॉर काही कळत नाही. जोर आकड्यांवर.

दहाही विकेट गेल्या की "ऑल आऊट", "फॉर टेन" म्हणायचं नाही. १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलला भारत "वन एटी-थ्री ऑल आऊट", वेस्ट इंडीज "वन-फोर्टी ऑल आऊट", आणि भारत "वन बाय फोर्टी-थ्री रन्स". डाव घोषित केला तर शेवटी "डिक्लेअर्ड": कोलकात्याच्या २००१ च्या टेस्टमध्ये फॉलो-ऑननंतर भारताचा दुसरा डाव ६५७/७ वर घोषित झाला, तो "सिक्स फिफ्टी-सेव्हन फॉर सेव्हन डिक्लेअर्ड".

ओव्हर्स: १८.३ ला "एटीन पॉइंट थ्री ओव्हर्स" म्हणतात पण तो दशांश नाही, अठरा ओव्हर्स आणि तीन बॉल. अर्धी ओव्हर म्हणजे .३, .५ नाही, त्यामुळे १८.५ ला "एटीन अँड अ हाफ" म्हणालात तर चूक. नीट समजावायचं असेल तर "एटीन ओव्हर्स अँड थ्री बॉल्स" म्हणा, क्रिकेट न कळणाऱ्यांसमोर हेच बरं.

बॅट्समन: ८२* मधल्या त्या फुलीला "नॉट आऊट". ५३ बॉलमध्ये ८२ असेल तर "एटी-टू ऑफ फिफ्टी-थ्री बॉल्स", इथे "इन" चालतं पण मैदानावर "ऑफ" जास्त ऐकू येतो, आणि त्यातला शेवटचा फ नीट ऐकू आला पाहिजे.

बॉलर: इथे सगळ्या देशांत विकेट आधी. अनिल कुंबळेने १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध एका डावात दहाच्या दहा घेतल्या, आकडे १०/७४, म्हणजे "टेन फॉर सेव्हेंटी-फोर". पूर्ण फिगर्स २६.३-९-७४-१०, क्रम ओव्हर्स, मेडन्स, रन्स, विकेट्स. या सलग बोलायच्या, प्रत्येक आकड्यानंतर छोटा थांबा, आणि नवख्या श्रोत्यांसाठी प्रत्येकाला शब्द जोडायचा: "ट्वेंटी-सिक्स पॉइंट थ्री ओव्हर्स, नाईन मेडन्स, सेव्हेंटी-फोर रन्स, टेन विकेट्स."

निकाल: आधी बॅटिंग केलेली टीम जिंकली तर "बाय" इतके "रन्स", नंतर बॅटिंग केलेली जिंकली तर "बाय" उरलेल्या "विकेट्स". पडलेल्या नाही, उरलेल्या. डावाने जिंकले तर "बाय ॲन इनिंग्ज अँड फोर्टी-सिक्स रन्स". एक डाव असला तरी शब्द "इनिंग्ज"च, क्रिकेटमध्ये "इनिंग" नाही.

"टाय" आणि "ड्रॉ" एकच समजू नका. सगळा खेळ संपून रन्स सारखे झाले तर टाय, टेस्टमध्ये वेळ संपली आणि निकाल लागला नाही तर ड्रॉ. २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलला इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांचे २४१, मग सुपर ओव्हरमध्ये दोघांचे १५, तिथे "द स्कोअर्स वेअर टाईड" म्हणायचं.

आता हे सगळं एकत्र करून एक पूर्ण मॅच बोलून दाखवते, २०११ ची फायनल, सगळ्यांना पाठ असलेली. कार्डवर श्रीलंका २७४/६, भारत ४८.२ ओव्हर्समध्ये २७७/४. मोठ्याने असं:

"श्रीलंका मेड टू सेव्हेंटी-फोर फॉर सिक्स इन देअर फिफ्टी ओव्हर्स. जयवर्धने, वन-ओ-थ्री नॉट आऊट. इन रिप्लाय, इंडिया मेड टू सेव्हेंटी-सेव्हन फॉर फोर इन फोर्टी-एट पॉइंट टू ओव्हर्स. गंभीर, नाईंटी-सेव्हन. धोनी, नाईंटी-वन नॉट आऊट ऑफ सेव्हेंटी-नाईन बॉल्स. इंडिया वन बाय सिक्स विकेट्स, विथ टेन बॉल्स टू स्पेअर."

दहा बॉल कुठून आले ते बघा, ४८.२ म्हणजे ४९ व्या ओव्हरचे चार बॉल आणि पूर्ण ५० वी ओव्हर राहिली. पॉइंट टूला दशांश समजलं तर हा हिशोब चुकतो. आणि चार विकेट पडल्या म्हणून "बाय फोर विकेट्स" नाही, सहा उरल्या म्हणून "सिक्स".

चेस चालू असताना लागणारं वाक्य: "दे नीड फोर्टी-टू ऑफ थर्टी बॉल्स", किंवा नुसतं "फोर्टी-टू ऑफ थर्टी".

६. फुटबॉल आणि हॉकी

हे तुलनेने सोपं. ०-० "निल-निल" किंवा "अ गोललेस ड्रॉ", १-० "वन-निल". २०१४ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला जर्मनीने ब्राझीलला ७-१ हरवलं ते नुसतं "सेव्हन-वन", मधे काही नाही. टोकियोला ब्राँझच्या मॅचमध्ये भारताने जर्मनीला हॉकीत हरवलं ते "फाईव्ह-फोर".

जपायचं ते पेनल्टीच्या वेळी. पेनल्टी शूटआऊटचे गोल मुख्य स्कोअरमध्ये मिळवायचे नसतात. २०२२ ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाने "सेव्हन-फाईव्ह" जिंकली असं मी ऐकलंय, ते पूर्ण चूक. बरोबर असं: "इट फिनिश्ड थ्री-ऑल आफ्टर एक्स्ट्रा टाईम, अँड अर्जेंटिना वन फोर-टू ऑन पेनल्टीज." हॉकीत "इन द शूटआऊट" म्हणा, पॅरिस २०२४ ला भारत आणि ग्रेट ब्रिटनची क्वार्टरफायनल १-१ होती, मग भारत "वन फोर-टू इन द शूटआऊट".

दोन लेगच्या सामन्यात (एक मॅच घरी, एक समोरच्याच्या मैदानावर) दोन्हीची बेरीज "ऑन ॲग्रिगेट". लिव्हरपूल २०१९ ला बार्सिलोनाकडे पहिला लेग "थ्री-निल" हरले, घरी "फोर-निल" जिंकले, म्हणून "फोर-थ्री ऑन ॲग्रिगेट". बरोबरीला क्रियापद "ड्रू": "दे ड्रू वन-ऑल". नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या वेळेतल्या (एक्स्ट्रा टाईम नाही) ९०+३ ला "नाईंटी प्लस थ्री".

७. टेनिस

पॉइंट्स: "लव्ह, फिफ्टीन, थर्टी, फोर्टी, गेम". सर्व्हरचा आकडा आधी. १५-१५ "फिफ्टीन-ऑल", ३०-३० "थर्टी-ऑल", पण ४०-४० "ड्यूस". "फोर्टी-ऑल" हा शब्दच नाही. ड्यूसनंतर ज्याने पॉइंट घेतला त्याचं नाव लावून "ॲडव्हांटेज नदाल". पॉइंट गेला की परत "ड्यूस".

सेट सुटे आकडे घालून: ६-४ "सिक्स-फोर", ६-० "सिक्स-लव्ह". किती सेट झाले ते "टू सेट्स टू लव्ह", "टू सेट्स टू वन", "वन सेट ऑल". विम्बल्डन २००८ ची फायनल: "नदाल बीट फेडरर सिक्स-फोर, सिक्स-फोर, सिक्स-सेव्हन, सिक्स-सेव्हन, नाईन-सेव्हन." हे वाक्य सरावाला फार छान आहे, तिसऱ्या चौथ्या सेटला आकडे उलटायचा मोह होतो तो आवरायचा, नदालच्या बाजूनेच बोलत राहायचं.

टाय-ब्रेकचा स्कोअर कंसात छोटा लिहिलेला असतो, तो बोलायचाच असेल तर सेट सांगून "सेव्हन-फोर इन द टाय-ब्रेक" जोडा. दर वेळी गरज नसते.

विचित्र आकड्यांना घाबरू नका. इस्नर आणि माहू यांची विम्बल्डन २०१० ची मॅच पाचव्या सेटला ७०-६८ वर संपली. ते साधं "सेव्हेंटी, सिक्स्टी-एट", थांबा नीट घेतला की झालं.

८. बॅडमिंटन, टेबल टेनिस, व्हॉलीबॉल

बॅडमिंटन अंपायरिंगला उतरणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. मॅच सुरू करताना "लव्ह-ऑल, प्ले". मग प्रत्येक रॅलीनंतर स्कोअर, सर्व्हरचा आधी, आणि सर्व्हिस बदलली तर त्याच्या आधी "सर्व्हिस ओव्हर". चार रॅली बघू, अ सर्व्ह करतेय:

- अ ने रॅली घेतली: "वन-लव्ह"
- परत अ ने: "टू-लव्ह"
- आता ब ने: "सर्व्हिस ओव्हर, वन-टू"
- परत ब ने: "टू-ऑल"

तिसऱ्या ओळीत नवीन लोक हमखास "टू-वन" म्हणतात कारण मोठा आकडा आधी हे डोक्यात बसलेलं असतं. पण सर्व्हिस आता ब कडे आहे आणि तिचा एकच पॉइंट आहे, म्हणून "वन-टू".

२१ च्या गेममध्ये कुणीतरी ११ ला पोचलं की स्कोअरनंतर "इंटर्व्हल". २० ला पोचलं की "ट्वेंटी गेम पॉइंट एटीन", तो पॉइंट घेतला की मॅचच संपणार असेल तर "मॅच पॉइंट". "गेम पॉइंट" हे शब्द दोन आकड्यांच्या मधे येतात, शेवटी नाही. २९-२९ झालं तर "ट्वेंटी-नाईन गेम पॉइंट ऑल". दोघांचा एकेक गेम झाला की "वन गेम ऑल".

सिंधूने २०१९ ला ओकुहाराला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली तो स्कोअर किती सोपा: "ट्वेंटी-वन सेव्हन, ट्वेंटी-वन सेव्हन". "ट्वेंटी-वन"नंतर थांबा घ्या, नाहीतर "ट्वेंटी, वन, सेव्हन" असे तीन आकडे ऐकू येतात. २१ वर संपणाऱ्या सगळ्या स्कोअर्सना ही काळजी घ्या.

टेबल टेनिसला "लव्ह" आणि "ऑल" तसंच. व्हॉलीबॉलला सेट "ट्वेंटी-फाईव्ह ट्वेंटी-थ्री", मॅच "थ्री सेट्स टू वन", एकही सेट न गमावता जिंकले तर "इन स्ट्रेट सेट्स".

९. बाकीचे, पटकन

बास्केटबॉल: मोठा आकडा आधी. विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एकट्याने १०० पॉइंट्स केले ती मॅच "वन सिक्स्टी-नाईन टू वन फोर्टी-सेव्हन".

टीमचा सीझनमधला रेकॉर्ड १०-५ असा लिहिलेला असेल तर तो स्कोअर नाही, दहा विजय पाच पराभव. अमेरिकेत तो "टेन अँड फाईव्ह" वाचतात. ते "अँड" ऐकलं की समजायचं मॅचचा स्कोअर नाही.

गोल्फ: पार म्हणजे ठरलेले फटके, पारपेक्षा पाच कमी म्हणजे "फाईव्ह अंडर", दोन जास्त "टू ओव्हर", बरोबर असेल तर "लेव्हल पार" किंवा "ईव्हन पार". "मायनस फाईव्ह"ही कधीकधी ऐकू येतं, पण "अंडर" जास्त रूढ. आणि गोल्फमध्ये कमी आकडा चांगला, त्यामुळे वाक्यात "लीडिंग" जपून.

बुद्धिबळ: अर्ध्याला "अँड अ हाफ". गुकेशने २०२४ ला डिंग लिरेनला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, "सेव्हन अँड अ हाफ, सिक्स अँड अ हाफ".

धावण्याच्या वेळा: बोल्टचे बर्लिन २००९ चे १०० मीटर "नाईन पॉइंट फाईव्ह एट सेकंड्स", कॉमेंटेटर घाईत "नाईन फिफ्टी-एट" म्हणतात. मिनिटं असतील तर पहिल्या भागाला शब्द लावा: डेव्हिड रुडिशाचे लंडन २०१२ चे ८०० मीटर १:४०.९१, "वन मिनिट, फोर्टी पॉइंट नाईन वन". लांब मॅरेथॉनमध्ये मिनिटांच्या जागी शून्य असेल तर जास्त सावध. केल्विन किप्टमने शिकागोत २०२३ ला २:००:३५ वेळ दिली, ती "टू अवर्स अँड थर्टी-फाईव्ह सेकंड्स". शब्द गाळून नुसते आकडे बोललात तर ऐकणारा पस्तीस मिनिटं समजेल.

१०. सराव कसा करायचा

हायलाईट्स लावा, आवाज बंद करा, स्क्रीनवर स्कोअर बदलला की मोठ्याने बोला आणि रेकॉर्ड करा. मग तोच भाग आवाज चालू करून ऐका आणि स्वतःच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, जीभ वळायला हवी. वेग नंतर येतो, आधी थांबे बरोबर घ्या.

सुरुवातीला हे पाच करून बघा, उत्तरं खाली दिलीत, आधी बघू नका.

क) क्रिकेट, ९६/०
ख) फुटबॉल, आपली टीम ०-३ ने हरली
ग) टेनिस, सर्व्हरचे शून्य, समोरच्याचे तीस
घ) बॅडमिंटन, सर्व्हरचे २०, समोरच्याचे १४, पहिला गेम
च) क्रिकेट, बॉलरचे ४-०-१९-३

उत्तरं:

क) "नाईंटी-सिक्स फॉर नो लॉस"
ख) "वी लॉस्ट थ्री-निल"
ग) "लव्ह-थर्टी"
घ) "ट्वेंटी गेम पॉइंट फोर्टीन"
च) "थ्री फॉर नाईन्टीन", पूर्ण हवं असेल तर "फोर ओव्हर्स, नो मेडन्स, नाईन्टीन रन्स, थ्री विकेट्स"